ठमाबाईचे दोन शब्द

ठमाबाईच्या तोंडाला लागू नये, हा गावातला जुना नियम. चौलच्या अलीकडच्या त्या गावात सरपंच बदलले, रस्ता तीनदा डांबरी झाला आणि तीनदा उखडला, पण हा नियम मोडायची कोणाची छाती झाली नाही. म्हातारी ऐंशीची, कमरेत वाकलेली, पण जीभ सुरीसारखी. मळ्यातल्या वालाच्या शेंगा कोणी ओरबाडल्या, तर ती बांधावर उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि सातही पिढ्यांची नावं बरोबर घ्यायची.

अशा बाईची वाचा जावी, म्हणजे काय म्हणावं! कार्तिकातल्या एका सकाळी मागीलदारी भांडी घासता घासता ती कलंडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात चार दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, मेंदूतली बोलण्याची जागाच दुखावली आहे. आता घरी न्या, पोटात चार घास जाऊ द्या, झोप होऊ द्या. ते जमलं तर म्हातारी तरेल, नाहीतर कठीण आहे.

लेक हिरामण तिला आपल्याच टेम्पोतून घरी घेऊन आला. हिरामण अठ्ठावन्न वर्षांचा, अबोल माणूस. आईनेच घरातलं सगळं बोलणं वापरून टाकलं, लेकाला काही उरलंच नाही, असं गावात थट्टेने म्हणायचे. त्याने ओटीवरच्या खोलीत खाट टाकली, बायको रंगूने पेज केली, लेक प्राप्ती चमचा घेऊन बसली. म्हातारीने ओठ घट्ट मिटून घेतले. पेजेचा एक थेंब आत गेला नाही; ओल्या फडक्याने ओठांवर पिळलेलं पाणी तेवढं कसंबसं उतरायचं.

दिवेलागणीला रंगू देवापुढे निरांजन लावत होती आणि हिरामण आईच्या पायाला तेल चोळत होता. तेव्हा चार दिवस मुकी असलेली ठमाबाई स्वच्छ, खणखणीत आवाजात बोलली.

"शेमा इस्राएल..."

रंगूच्या हातातली काडेपेटी पडली. प्राप्ती खुर्चीतून उठली. आणि हिरामणच्या अंगावर जो काटा आला, तो मानेपासून निघाला आणि थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेला. त्याचा हात आईच्या पोटरीवर तसाच राहिला.

"काय बोलल्या आत्या?" रंगूने विचारलं. "काय म्हणायचं व्हतं त्यांना?"

म्हातारी पुन्हा म्हणाली, "शेमा इस्राएल..." आणि गप्प झाली. मग तिने डावा हात उचलला. तोच एक चालत होता. तो हात हवेत चाचपडत राहिला, आणि वाकून बघणाऱ्या प्राप्तीच्या डोळ्यांवर तिने तळवा दाबून धरला. पोरगी किंचाळली.

"आजी, सोड ना! बाबा, बघा ना काय करते ही!"

हिरामणने तो हात हळूच काढला. म्हातारीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू त्याने तिच्या तोंडचा घास काढून घेतला. रात्रभर तिने डोळा मिटला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तेच दोन शब्द, मग थांबायचं, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, कासावीस व्हायचं, आणि पुन्हा तेच दोन शब्द.

गावाला काय, निमित्तच हवं असतं. ठमाबाईची जीभ चालत होती तोवर तिच्या दारात पाऊल टाकायची छाती नसलेली माणसं आता रांगेने बघायला येऊ लागली. कोणी म्हणालं, टीव्हीवर लढाईच्या बातम्या बघून डोक्यात गेलं. कोणी म्हणालं, पूर्वजन्मीचं काहीतरी आहे. शेवटी कोंडाजी भगत आला, न बोलावता. भगताने म्हातारीच्या डोळ्यांत बघितलं, नाकाने मोठा श्वास घेतला आणि जाहीर केलं, "ही ठमाबाई न्हाय. ही दुसरीच कोणतरी हाय. परक्या मुलखातली."

"मग आता?" रंगूने विचारलं.

"अवसेच्या आधी उतारा काढावा लागंल."

कोंडाजीचा एरवी हिरामणला मनस्वी राग. पण त्या दिवशी तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि भगताला अंगारा काढू दिला. कोंडाजी पुटपुटत खाटेवर वाकला, आणि म्हातारीने फाटकन डावा हात उचलून त्याच्या डोळ्यांवर दाबला. "शेमा इस्राएल!" अहो, काय सांगायचं! भगत असा मागे उडाला की पेजेच्या टोपात बसला. अंगाऱ्याची पुडी तिथंच टाकून, धोतराला भात चिकटलेला, तो अंगणातून निघून गेला. जाताना म्हणाला, हे माझ्या हातचं न्हाय.

एरवी या गोष्टीवर घरात आठ दिवस हसू फुटलं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

खरी गोष्ट अशी होती, की हिरामणला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. अर्थ नव्हता ठाऊक. पण हे शब्द कोणत्या घरातले, ते ठाऊक होतं. पन्नास वर्षांत त्याने त्या घराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

गावाच्या वरच्या अंगाला पूर्वी तेल्यांची दोन-तीन घरं होती. शनवार तेली म्हणायचे त्यांना. शनिवारी घाण्याला हात लावायचे नाहीत, म्हणून. यहुदी लोक, पण बोलणं आपल्यासारखंच, पातळं आपल्यासारखीच. त्यातलं एक घर बेंजामिन मास्तर थळकरांचं. मास्तरांची बायको तीन पोरं मागे ठेवून गेली, आणि ठमाबाई त्या घरी कामाला लागली. हिरामणचा बाप तेव्हा मुंबईत गोदीवर. हिरामण पाच वर्षांचा.

सकाळचं काम करून ती दुपारी यायची. पण तिन्हीसांजेला पुन्हा जायची, आणि मास्तरांची पोरं निजेपर्यंत परत यायची नाही. हिरामण उंबऱ्यात बसून राहायचा. आजी हाका मारून थकायची. वाटेवर आईच्या पायाचा आवाज आला, की तो पळत आत जायचा आणि गोधडीत शिरून झोपेचं सोंग घ्यायचा. राग होता त्याचा. पाच वर्षांच्या पोराला दुसरं काय करता येतं? आई येऊन त्याच्या अंगावर गोधडी सारखी करायची, आणि तो दात आवळून पडून राहायचा.

एकदा न राहवून तो तिच्या मागोमाग गेला होता. मास्तरांच्या खिडकीखाली, जांभ्याच्या दगडावर उभं राहून त्याने आत बघितलं. एका पलंगावर तीन पोरं. दीना, हन्ना आणि सर्वांत धाकटा शिमोन. त्याची आई पलंगावर बसली होती, शिमोनच्या डोळ्यांवर तळवा ठेवून. आणि ती काहीतरी म्हणत होती, जे त्याला कळत नव्हतं. त्याची स्वतःची आई, त्याला न कळणाऱ्या बोलीत, दुसऱ्याच्या पोरांशी. त्याने दगडावरून उडी टाकली आणि पळत सुटला. त्याच्या डोळ्यांवर तिने कधी असा हात ठेवला नव्हता.

सहा वर्षांनी मास्तर पोरांना घेऊन इस्राएलला गेले. ठमाबाईने तीन दिवस चूल पेटवली नाही. अकरा वर्षांचा हिरामण शेजारी जेवला आणि मनातल्या मनात म्हणाला, बरं झालं, सुटलो.

कुठला सुटतोय! आता म्हातारी मरणाच्या दारात होती, आणि सगळी भाषा जाऊन तिच्याजवळ त्याच घरातले दोन शब्द उरले होते. लेकाचं नाव गेलं. सुनेचं गेलं. तेवढे उरले. शेवटी तिला तीच पोरं हवीत, ही गोष्ट हिरामणच्या काळजाला अशी लागली, की भूतबाधा निघाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

म्हणून तो बोलला नाही. पण प्राप्ती काही बापासारखी अबोल नव्हती. ती गेली होती आजीवर. तिने आजीचा आवाज मोबाईलमध्ये भरला, ते शब्द शोधले, आणि आठव्या दिवशी कोणाला न विचारता एसटीने रेवदंड्याला गेली. तिथल्या यहुद्यांच्या मशिदीपाशी, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरापाशी, तिने चौकशी केली. संध्याकाळी परतली ती एका म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊनच. रूबेन झिराडकर. एसटीत उभी हयात कंडक्टर म्हणून गेलेली, आता निवृत्त. डोक्याला गोल टोपी, हातात कापडी पिशवी.

"कोणाला विचारून आणलंस?" हिरामण अंगणातच आडवा आला.

"आजी मरायला टेकलीय, बाबा! कोणाला विचारायचं व्हतं? कोंडाजीला?"

रूबेन काही बोलणार तेवढ्यात आतून आवाज आला. "शेमा इस्राएल..."

म्हातारा एक चप्पल काढलेली, एक पायात, तसाच थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने अंगणातल्या खांबाला हात लावला, आणि आत काही पुढे येतंय का, म्हणून कान दिला. आत शांत. मग पुन्हा तेच दोन शब्द, आणि पुन्हा शांत.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. "ही अजून वाट बघते!"

"कोणाची वाट?" रंगू दारातून म्हणाली. "भाऊ, काय ते नीट सांगा. आमचा जीव चाललाय."

रूबेन उंबऱ्यापाशीच खाली बसला. "वहिनी, ही आमची प्रार्थना आहे. सगळ्यांत मोठी. सकाळी उठलं की, आणि रात्री निजताना. जन्माला आलेल्या पोराच्या कानावर हीच, आणि मरणाऱ्याच्या तोंडातही हीच. ऐक इस्राएला, आपला देव तोच, आणि तो एकच. एवढंच. म्हणताना डोळ्यांवर हात ठेवायचा, म्हणजे दुसरं काही दिसू नये."

प्राप्तीने आपल्याच डोळ्यांना हात लावला.

"आमचे जुने लोक सांगायचे," रूबेन म्हणाला, "आमचं जहाज नवगावच्या खडकांवर फुटलं. पोथ्या बुडाल्या, माणसं बुडाली. जी सात जोडपी वाचली ती इथंच राहिली, तेल गाळू लागली, इथली बोली बोलू लागली. पिढ्यानपिढ्या गेल्या. आपली भाषा विसरलो, सण विसरलो, शनिवार सोडला तर सगळं विसरलो. पण ही एक ओळ तोंडातून गेली नाही. तिच्यावरून तर पुढे ओळख पटली, की आम्ही कोण. आता बघ हिरामण, तुझ्या आईचं जहाज फुटलं, आणि तिच्याही तोंडात तेवढंच राहिलं."

"पण ती यहुदी न्हाय," हिरामण म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "आमची आई हाय ती. तिच्या तोंडात आमचं काय न्हाय राह्यलं?"

रूबेनने त्याच्याकडे नीट बघितलं. तिकीट न काढता बसलेला माणूस ओळखायची सवय होती त्याला.

"मी तेव्हा सतरा वर्षांचा," तो म्हणाला. "माझ्या मावशीचं घर मास्तरांच्या शेजारी. मास्तरांची बायको जाताना, तिला बघायला आलेल्या ठमाबाईचा हात धरून म्हणाली, माझी पोरं हे म्हटल्याशिवाय निजायला नकोत. खरं तर हे मास्तरांनीच म्हणायचं, पण ती गेल्यावर त्या माणसाच्या तोंडून ते शब्द निघेनात. शेमामध्येच पुढे लिहिलंय, हे शब्द काळजात ठेव, पोरांना शिकव, घरात बसलास तरी बोल, वाटेने चाललास तरी बोल, निजताना बोल, उठताना बोल. बापाला जमलं नाही ते एका कामवालीने केलं. रोज तिन्हीसांजेला मावशीच्या ओटीवर आम्हाला ऐकू यायचं. ठमाबाई म्हणायची, शेमा इस्राएल. आणि थांबायची. उरलेलं पोरांनी म्हणायचं. तिन्ही पोरांनी. शिमोन लबाड होता, मुद्दाम गप्प बसायचा. तर ती पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा शब्द आल्याशिवाय ती जागची हलायची नाही."

रंगूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "म्हंजे आठ दिवस त्या अडून नव्हत्या बसल्या! आणि आम्ही अंगारे लावतोय!"

"पोरांनी अजून जबाब दिला नाही, म्हणून ती निजत नाही," रूबेन म्हणाला. "जेवतही नसेल त्याच पायी. कामात आहे ती."

सगळ्यांनी हिरामणकडे बघितलं. आणि पन्नास वर्षं अबोल राहिलेला माणूस असा ओरडला, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"मग बोलवा त्यांना! फोन लावा इस्राएलला! त्या तिघांना सांगा, या आणि द्या जबाब! ज्यांना शिकवलं त्यांनीच म्हणावं. मला कुठं शिकवलंय तिनं? मी खिडकीतनं बघितलाय तो हात. माझ्या डोळ्यांवर कधी न्हाय आला तो!"

प्राप्तीने बापाला असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. रंगूने तोंडावर पदर धरला. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि नवऱ्याच्या पोटात हे होतं याचा तिला पत्ता नव्हता.

आतून आवाज आला. या वेळी तो खणखणीत नव्हता. "शेमा... इस्राएल..." धाप लागली होती.

"मी शोधतो त्यांना," रूबेन शांतपणे म्हणाला. "सापडतीलही. पण आज? मी स्वतः म्हटलं असतं रे. माझी पोरंही तिकडेच आहेत, मी रोज एकटाच म्हणतो, एकटाच जबाब देतो. पण ती मला हाक मारत नाही. ती पोरांना हाक मारते. या घरात तिचं पोर तूच आहेस. चार शब्द आहेत. एरवी मी असं कोणाला शिकवत नाही, देवाचं नाव आहे त्यात. पण तुला शिकवतो."

हिरामणने चपला काढल्या.

खोलीत दिवा लागला होता. म्हातारीचे ओठ सुकून पांढरे झाले होते, डोळे मात्र दाराकडे. हिरामण खाटेशेजारी खाली बसला, लहान पोर बसतं तसा, मांडी घालून. तिचा डावा हात हवेत आला. या वेळी त्याने तो काढला नाही. त्याने आपणच डोकं पुढे केलं, आणि तो खरबरीत, भांड्यांच्या राखेने वर्षानुवर्षं घासलेला तळवा त्याच्या दोन्ही डोळ्यांवर बसला. त्याला काही दिसेनासं झालं.

"शेमा इस्राएल..."

"अदोनाय..." मागून रूबेनने हलकेच सांगितलं. हिरामणची जीभ अडखळली. "अदोनाय... एलोहेनू..." रूबेनने पुढचं सांगितलं, हिरामण म्हणाला. "अदोनाय... एहाद."

खाटेवर एकदम शांत झालं. इतकं, की रंगूला वाटलं, गेली म्हातारी. ती धावली. पण ठमाबाईने मोठा श्वास सोडला. दिवसभराचं काम उरकून बाई जशी पदराने तोंड पुसते आणि उठायला बघते, तसं तिने अंग सैल केलं. आणि मग ती बोलली. ते दोन शब्द नव्हे. मराठी बोलली, आपली रोजची, गावची, अडखळत पण सरळ, रोज म्हटलेलं म्हणावं तसं.

"झालं. निजा आता." तिने दम घेतला. "सोडा रं मला पोरांनो. माझा हिरू... उंबऱ्यात बसला आसंल."

रूबेनच्या हातातली पिशवी खाली पडली. प्राप्ती भिंतीला टेकली. पण हिरामण? हिरामणला कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. हिरू या नावाने साठीच्या आसपास आलेल्या या माणसाला पन्नास वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. आणि उंबरा! तिला ठाऊक होतं. तो बसायचा, पळायचा, सोंग घ्यायचा, तिला सगळं ठाऊक होतं. रोज शेवटचा शब्द झाला, की ती त्या पोरांना हेच सांगून उठायची. ती तीन यहुदी पोरं रोज निजताना देवाच्या नावानंतर त्याचं नाव ऐकायची. त्या सगळ्या घराला माहीत होतं, एकट्या त्याला सोडून.

"आये," तो म्हणाला. रडू असं आलं की सगळं अंग हललं. तळवा तरी डोळ्यांवर तसाच होता, आणि बोटांच्या फटीतून पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं. "आये, मी हितंच हाय. उंबऱ्यात न्हाय. हितं हाय बघ."

ठमाबाईचे डोळे मिटत आले होते. प्राप्तीने पेजेचा चमचा तिच्या ओठांना लावला, आणि आठ दिवस मिटलेले ते ओठ उघडले. एक चमचा गेला, मग दुसरा. तिसऱ्याला म्हातारीला झोप लागली.

रंगू हळूच म्हणाली, "अवो, उठा आता. निजल्या त्या."

पण हिरामण उठला नाही. ज्या हातासाठी तो आयुष्यभर रुसला होता तो हात त्याच्या डोळ्यांवर होता, आणि तो जागा होता.